तीस मिनिटांचा आडोसा

मी बोलतोय, सोनगीरच्या रतिलाल आबांच्या घरातला स्टीरिओ. मला गाणी ऐकवायचं यंत्र समजत असाल तर तेवढं डोक्यातून काढून टाका. गाण्याच्या मागे जे चाललंय ते ऐकू जाऊ न देणं, हे या घरात माझं काम होतं.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलंय. पाठ कायम भिंतीला, त्यामुळे ते कुणी वाचलं नाही. मलाही वळून बघता येत नाही.

जाणतेपण आलं ते जळगावच्या एका दुकानात. तिथं मी ‘डेमो पीस’ होतो. डेमो पीस म्हणजे ज्याचा कुणीही कान पिळावा आणि पुढे निघून जावं. येणारा प्रत्येक जण माझा आवाज शेवटपर्यंत वाढवायचा, वीस सेकंद मान डोलवायचा आणि म्हणायचा, “बास जरा कमी आहे.” दीड वर्षात एकही गाणं मी पुरतं वाजवलं नाही. माणसांबद्दलचं माझं मत तिथंच बिघडलं, ते अजून सुधारलेलं नाही.

मग एक दिवस सावद्याचे जीवराम पाटील आले. केळीचा बाग असलेला माणूस, मुलीचं लग्न ठरलेलं, आंदणात काय काय द्यायचं त्याची यादी खिशात. सोबत ती मुलगी, कामिनी. सगळ्यांनी माझा आवाज बघितला. तिनं एकच विचारलं, “याला टायमर आहे का?”

दुकानदार हसला. “ताई, टायमर कोण लावतं? आवाज बघा आवाज!”

रसायनशास्त्रात पदवी घेतलेली, प्रयोगशाळेत मिनिटं मोजत उभी राहिलेली पोर. माझी माहितीपुस्तिका तिनं तिथंच उघडली आणि उभ्या उभ्या चार पानं वाचली. त्या पुस्तिकेचं प्लास्टिक तोवर कुणी फाडलंही नव्हतं.

सोनगीरला पोचलो त्या दिवशी सासूबाईंनी, म्हणजे कुंदाबाईंनी, माझ्या कडेवरचा दुकानातला ओरखडा पहिल्यांदा शोधला. घरात त्यांना सगळे अक्का म्हणतात. अक्का म्हणाल्या, “वापरेल टेप दिन्हा तुन्हा बापनी. नवा नही भेटना का?”

कामिनी गप्प. मीही गप्प, माझी वायर अजून लावायची होती.

आबांचा धंदा तांब्या-पितळेच्या भांड्यांचा. घराला लागूनच कारखाना, दिवसभर हातोड्यांचे ठोके. दिवसा या घरात कुणी कुणाला काहीही म्हणावं, शेजारच्या माणसाला कळत नाही. संध्याकाळी ठोके थांबले की मात्र सुई पडली तरी ऐकू येते. त्यातून नव्या जोडप्यासाठी मोठ्या खोलीत प्लायवूडचं पार्टिशन घातलेलं. अलीकडे हेमराज आणि कामिनी, पलीकडे आबा आणि अक्का. आबा कुशीवर वळले तर अलीकडे कळतं. आता अलीकडचं पलीकडे किती कळत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

म्हणून मी.

जेवणं उरकली, साडेनऊ झाले की हेमराज मला लावायचा. पितळ घासून हिरवट झालेली बोटं, त्याच बोटांनी माझं बटण. जुनी हिंदी गाणी, आवाज बावीसवर. मग म्हणायचा, “स्लीप लाव.” कामिनी रिमोट घ्यायची. माझं स्लीपचं बटण एकदा दाबलं की नव्वद मिनिटं, दोनदा साठ, तीनदा तीस, चारदा पंधरा. ती तीनदा दाबायची. तीस मिनिटं गाणी वाजणार आणि मी आपोआप बंद होणार.

त्या तीस मिनिटांत ते भांडायचे.

विषय एकच. लग्न ठरायच्या आधी सावद्याला कामिनीच्या घरच्या गच्चीवर दोघांना बोलायला पाठवलं होतं. तिथं हेमराज म्हणाला होता, “नोकरी कर की, घरी मी सांगतो.” नरडाण्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत तिची निवड झालेली होती. लग्नासाठी म्हणून कंपनीनं तिला मुदत दिली, पत्रात लिहिलं, एक तारखेला हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. सोनगीर फाट्यावर कंपनीची बस थांबते. अवघं अर्ध्या तासाचं अंतर. मध्ये फक्त या घराचा उंबरा.

“आबांना विचारलं का?” ती विचारायची, हळू आवाजात.

“विचारलं. नाही म्हणाले.” तो माझ्या ढोलकीच्या वर आवाज काढून.

“पुन्हा विचारा ना.”

“पुन्हा विचारलं. चिडले. त्यांचं बीपी वाढलं तर तू भरून देणार का?”

हे झालं की गाडी इतरत्र वळायची. तिनं भाजीत मीठ कमी टाकलं, ती अक्कांशी बोलत नाही, तिचं सावद्याचं बोलणं अक्कांना कळत नाही. मिनिटं संपली की मी बंद. आणि मी बंद झालो की तेही बंद, तोंडात शब्द असेल तिथं. एकदा हेमराज म्हणत होता, “आणि तुझा बाप—” आणि मी थांबलो. दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी सुरू झालो, तिनं तीनदा बटण दाबलं, आणि तो म्हणाला, “तर तुझा बाप...” चोवीस तास त्यानं ते वाक्य जिभेखाली धरून ठेवलं होतं. भांड्यांवर नाव घालताना एवढी चिकाटी दाखवली असती तर कारखान्याचं भलं झालं असतं.

पार्टिशनच्या पलीकडे मात्र वेगळीच कथा चालू होती. शेजारच्या लताबाई दळण घेऊन आल्या की अक्का सांगायच्या, “आमना घर रोज गाना लागतस माय! आमना येळले अशी मज्या नव्हती.”

“नवं नवं शे ना वं, ऱ्हाऊ दे,” लताबाई डोळे बारीक करून म्हणायच्या. दोघी हसायच्या. आत कामिनी पोळ्या लाटत असायची. पोळी त्या दिवशी जरा जास्तच पातळ व्हायची.

मला खरं सांगायचं तर या सगळ्यांचा राग येत होता. हेमराजचा, कारण तो मला ढालीसारखा वापरत होता. अक्कांचा, कारण ओलं पोलकं माझ्या स्पीकरवर वाळत घालायच्या. कामिनीचाही. एवढं वाचून आलेली, पुस्तिकेतलं पान न् पान माहीत, आणि रोज निमूट तीनदा बटण! आबांचा राग करायला मात्र काही हाताशी नव्हतं. तो माणूस घरात बोलायचाच नाही. सुनेशी तर थेट नाहीच; तिला काही सांगायचं तर अक्कांमार्फत. बाजारात त्यांनी तोंडानं एखादी गोष्ट कबूल केली की लोक चिठ्ठी मागत नाहीत, एवढं मी ऐकून होतो.

महिन्याची एकोणतीस तारीख आली. महिना तीस दिवसांचा.

साडेनऊ. आवाज बावीसवरून हेमराजनं आपणहून पंचवीसवर नेला, म्हणजे आज बेत मोठा होता. “स्लीप लाव,” तो म्हणाला आणि मोबाईलमध्ये बघत बसला.

कामिनीनं रिमोट उचलला. एक, नव्वद. दोन, साठ. तीन, तीस.

मग चौथ्यांदा.

माझ्या पडद्यावर पंधरा आलं. ती त्या आकड्याकडे थोडा वेळ बघत राहिली. मी एवढंच पाहिलं, तेवढंच सांगतो.

मग ती पलंगाच्या कडेला बसली. त्या दिवशी तिनं मिठाचं, भाजीचं काही काढू दिलं नाही. तो इकडे वळला की ती पुन्हा तिथंच आणायची. “परवा एक तारीख आहे.” “माहितीय.” “आबा नेमकं काय म्हणाले?” “नाही म्हणाले.” “कुठे? कारखान्यात, की जेवताना?” “आता उलटतपासणी घेणार का माझी?” “कोणत्या वारी विचारलंत?”

एका गाण्याचं शेवटचं कडवं चाललेलं. हेमराज उठून उभा राहिला, गळ्याच्या शिरा फुगलेल्या. चौदा मिनिटं पन्नास सेकंद. गाण्यावर मात करायला त्यानं छाती भरून श्वास घेतला. पंधरा मिनिटं झाली, आणि मी बंद झालो.

“आबांनी साफ नाही म्हटलंय! एकदा नाही, दहादा विचारलंय मी त्यांना!”

त्या शांततेत हे वाक्य असं घुमलं की मांडणीवरचा पितळी तांब्या झंकारला. बहुधा पूर्ण गल्लीनं ऐकलं असेल. हेमराजनं माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तोंड उघडंच.

पार्टिशनच्या पलीकडून आबांचा आवाज आला. अगदी शांत.

“हेमराज, तू मले कधी इचारं रे?”

पलीकडे पलंग करकरला, चपला घासत आल्या आणि पडदा बाजूला झाला. आबा दारात, मागे अक्का, केस सुटलेले.

“आबा, ते... मी विचारणारच होतो...”

“इचारं असतं ते मी नहीच म्हनतू,” आबा म्हणाले. “पन ते मी सोता म्हनतू. तू मन्हं नाव लिसन खोटं बोलना.”

मग सुनेकडे न बघता, अक्कांना: “तिले इचार, यानी तिले काय सांगेल व्हतं.”

अक्कांना विचारायची गरज पडली नाही. कामिनीनं सगळं सांगितलं. गच्ची, कबुली, पत्र, तारीख. गाण्याच्या आडोशाशिवाय तिचा आवाज या घरात मी पहिल्यांदाच ऐकला. बारीक होता, पण मध्ये कुठे तुटला नाही. हेमराज दोनदा म्हणाला, “हिनं मुद्दाम केलं, हिनं तीसच्या जागी...” पण ते पूर्ण सांगायचं तर तीस मिनिटं रोज काय चालायचं तेही सांगावं लागलं असतं.

“टेपबी बिघडना का आते?” अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या. “वापरेलच व्हता!”

कामिनीनं मान खाली घातली. नेहमीसारखंच मी ठरल्या मिनिटाला, ठरल्या सेकंदाला काम केलं होतं, आणि बिघडल्याचा शिक्का माझ्यावर. गिळला.

आबा जायला वळले. जाता जाता म्हणाले, “शबद दिन्हा शे ना यानी? मंग जाऊ दे तिले. पन मी हा म्हनेल नही, इतलं ध्यानमा ठेवा बठ्ठा.”

हा आशीर्वाद नव्हता. कुणी तसं समजू नये.

एक तारखेसाठी कामिनीनं माझं दुसरं काम पहिल्यांदा वापरलं. आधी घड्याळ नीट लावलं, तास, मिनिट. मग पहाटे पाच दहाला उठवण्याचा टायमर. पाच दहाला मी सुरू झालो, पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे आधी हळू, मग चढत. घरातले सगळे जागे झाले आणि एकही उठला नाही. तिनं आपला चहा केला, डबा भरला आणि अंधारातच फाट्याकडे चालू लागली. हेमराजनं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. तो तेव्हा जागा होता, मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवसापासून अक्कांनी वेगळीच रीत काढली. झोपायच्या आधी येऊन भिंतीवरचं माझं बटण बंद. “रातभर लाल दिवा डोयामा टोचस,” म्हणे. माझी वीज गेली की घड्याळ पुसलं जातं. पुन्हा चालू केलं की बारा वाजलेले, तेही लुकलुकत. तसे या घरात माझे बारा रोजच वाजायचे, आता ते पडद्यावरही दिसू लागले.

कामिनी मोबाईलच्या गजरावर उठायची, बस चुकू दिली नाही. पण संध्याकाळी घरी आली की हातपाय धुवायच्या आधी माझ्यापाशी. भिंतीवरचं बटण चालू. तास, मिनिट, टायमर, पाच दहा. रात्री अक्का, बटण बंद. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नाहीत. भाजी वाढतात, पाणी देतात, आणि माझ्यावरून रोज असा सामना. तीन आठवडे झाले.

गाणी मात्र बंद पडली. साडेनऊला आता या खोलीत नुसती शांतता. लताबाईंनी परवा अक्कांना विचारलं, “आजकाल गाना लागत नहीत, पोरेसनं भांडन झायं का वं?” अक्कांनी पाठ फिरवली.

आणि आज. आज रविवार, कंपनीला सुट्टी. काल अक्कांना वाटलं असणार, उद्या कुठे उठायचंय हिला; बटण बंद करायला त्या आल्याच नाहीत. कामिनीनं मात्र टायमर लावलेला. नेहमीचाच, पाच दहाचा. आवाज पंचवीसवर.

मी तीन आठवड्यांचा राग काढला. स्पीकरची जाळी थरथरली. पलीकडून आबा खोकले, हेमराज उठून बसला, आणि अक्का ओरडल्या, “आज रईवार शे ना वं! काब्र वाजाडी राहिनी तू?”

कामिनीनं कूस बदलली. उठलीही नाही. प्लायवूडच्या पार ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

“हो अक्का. काल रात्री बटण बंद करायचं तुम्ही विसरलात.”

माझं सांगून झालं. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला गाण्यांसाठी ठेवा. माणसांची बोलणी माणसांनी आपल्या आवाजात करावीत. पलीकडे चपलांचा आवाज येतोय. अक्का भिंतीकडे येताहेत. येऊ देत. कामिनी जागी आहे.