काळे वाजवतात

लीलावतीबाईंना संशय आला तो एका स्वल्पविरामावरून.

शनिवारचा मराठी वर्ग सुटला होता. बाकीची मुलं सायकली काढून पांगली, पण दहा वर्षांची राधिका काळे भाषणाची वही घेऊन मागे थांबली. बाई पुण्याच्या शाळेतून निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आल्या होत्या, योकोहामाच्या पुढच्या या लहानशा बंदराच्या गावात. इथली मुलं मराठी प्रश्नाला जपानीत उत्तर देत. बाई न रागावता तोच प्रश्न पुन्हा मराठीत विचारत.

राधिकाचं भाषण उद्या होतं. शंभर वर्षांपूर्वी बोटींवरून उतरलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांनी आपलं संगीत या गावात कसं आणलं, त्याचं प्रदर्शन नगरपालिकेने मांडलं होतं. त्यात राधिकाच्या घरचा एक जुना फोटो होता. धक्क्यावरचं नाचघर, चार वादक; तिघांचे चेहरे स्वच्छ, ड्रमवाल्याचा मात्र ट्रम्पेटच्या आड गेलेला. तो ड्रमवाला म्हणजे बाबांचे पणजोबा, असं राधिका उद्या सगळ्यांसमोर सांगणार होती. पणजोबा तेव्हा इथे एका रेशीम व्यापाऱ्याकडे कारकून होते.

"कारकून आणि ड्रम? कशावरून गं?"

"फोटोच्या मागे लिहिलंय ना, बाई." तिने टॅबवर बाबांनी काढलेला मागच्या बाजूचा फोटो दाखवला. पिवळट पुठ्ठा, शाईचं वळणदार अक्षर: 'काळे वाजवतात,'

त्या स्वल्पविरामावर बाईंची नजर अडकली. वाक्य संपलं असतं तर टिंब असतं. पुढे काहीतरी होतं, आणि ते टॅबवर दिसत नव्हतं. अलीकडेही काही असावं, कारण तिथे नेमका अंगठा आला होता.

"अक्षर कुणाचं?"

"पणजोबांचंच. घरी पत्रं आहेत त्यांची. सेम टू सेम."

"अस्सं. मग मला सांग, तू स्वतःबद्दल लिहिशील का, की राधिकाताई गातात?"

राधिका खुदकन हसली. "आपणच आपल्याला अहो-जाहो?"

तेवढ्यात राधिकाचा बाबा जयप्रकाश तिला न्यायला आला. बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "मूळ फोटो कुठे असतो रे?"

"प्रदर्शनातच, फ्रेममध्ये. का हो?"

"अंगठा मध्ये आलाय तुझा."

"घाईत काढला हो." तो हसला, पण टॅब उचलून त्याने लगेच पिशवीत टाकला. "काय बाई, पेपर तपासल्यासारखं करता! ती लोकं आधीच कामात आहेत. उगाच फ्रेम उघडायला लावायची का?"

फ्रेम उघडण्याबद्दल बाई अवाक्षर बोलल्या नव्हत्या. खोटं जर काही असेल, तर ते उद्या या पोरीच्या तोंडून बाहेर पडणार होतं, शंभर माणसांसमोर. त्यांनी चपला घातल्या.

"चल राधिका, मला दाखव तुझं प्रदर्शन."

वाटेभर जयप्रकाश हवेबद्दल बोलत राहिला.

प्रदर्शनाच्या प्रमुख मोरीसान चष्मा कपाळावर चढवून पाट्या चिकटवत होत्या. 'ड्रम: काळे' ही पाटी फोटोखाली लागलीसुद्धा होती. राधिकाने विनंती करताच त्यांनी आनंदाने फ्रेम उलटी केली, खिळे वाकवले, फ्रेमचा पुठ्ठा काढला. जयप्रकाश खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

राधिकाने एकेक अक्षर लावत वाचलं. "आत काळे वाजवतात, गोरे नाचतात. आम्ही दाराबाहेर."

मग ती म्हणाली, "गोरे म्हणजे कोण? आपल्या वर्गातल्या कश्मिरा गोरेचे पणजोबा पण होते?"

बाईंना हसू आवरेना, पण त्यांनी उत्तर दिलं नाही. "पुन्हा वाच. वाजवतात म्हणजे एकच माणूस, आदराने? की पुष्कळ?"

राधिकाने ओठ हलवत पुन्हा वाचलं. वर्गात एखादं गणित सुटावं तसा तिचा चेहरा झाला, आणि लगेच उतरला.

"पुष्कळ. हे आडनावच नाहीये." ती वळली. "बाबा, तुम्ही हे वाचलं होतं?"

"बाई, काय अडलं होतं हो तुमचं?" जयप्रकाश दबल्या आवाजात म्हणाला. "हिच्या रंगावरून शाळेत पोरं काय काय बोलतात, माहितीये तुम्हाला? म्हटलं, एक तरी गोष्ट असावी हिच्याकडे, मान वर करून सांगण्यासारखी. आमचा माणूस दाराबाहेर उभा होता, हे सांगू?"

"मला वाटलं, तू स्वतःच्या मोठेपणासाठी खोटं बोलतोयस," बाई म्हणाल्या. "चुकलंच माझं. पण त्या ड्रमवाल्याच्या जागी दुसऱ्याचं नाव लागलंय, जयप्रकाश. त्याची पोरं-नातवंडं असतीलच ना कुठेतरी."

मोरीसान कधी या चेहऱ्याकडे, कधी त्या चेहऱ्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी राधिकालाच विचारलं, काय लिहिलंय? राधिकाने जपानीत सांगितलं, एक शब्दही न गाळता.

"'आम्ही' म्हणजे कोण?" मोरीसाननी विचारलं.

राधिकाने बाबांकडे पाहिलं. जयप्रकाश फोटोजवळ आला. मग त्याने स्वतःच जपानीत सांगितलं, "माझे पणजोबा."

मोरीसाननी हळूच नखाने पाटी सोडवली. "मग ड्रम वाजवणाऱ्याचं नाव काय?"

"माहीत नाही," राधिका म्हणाली. "पणजोबांना आत सोडलं असतं, तर त्यांनी विचारलं असतं."

मोरीसाननी पेन काढलं आणि ते वाक्य पुन्हा, सावकाश सांगायला सांगितलं. राधिकाने सांगितलं. मग ती बाबांजवळ जाऊन मराठीत म्हणाली, "उद्या मी हेच म्हणू?"

"म्हण," जयप्रकाश म्हणाला.