मुखरू मिस्त्रीनं पास केलेलं घर

गडचांदुरात घर विकत घ्यायचं तर आधी कागद पाहायचे की आधी मुखरू मिस्त्रीला बोलवायचं, असं विचारलं तर शेंबडं पोरही सांगायचं, आधी मिस्त्री. कागद पळून जातात काय? चाळीस वर्षं घरं बांधलेला माणूस. भिंतीला कान जवळ न्यायचा, हातोडीच्या दांड्यानं टकटक करायचा आणि ऐकायचा. रंगाखाली बुजवलेली भेग, चौकटीचं लाकूड पोखरणारी उधई, आतून सुटलेलं प्लास्टर, सगळं त्याच्या कानाला कळायचं.

आणि तोंडानं तो चकार शब्द काढायचा नाही. विकणाऱ्याची अब्रू त्याच्याच अंगणात कशाला काढा? पाहणी झाली की घरची बाई चहा ठेवायची. मिस्त्रीनं आत बसून चहा घेतला, तर घर पास. "बाहेर ओट्यावरच द्या, बाई," म्हणाला, तर घेणाऱ्यानं मुकाट्यानं चपला घालाव्यात. त्या एका कपावर कितीतरी सौदे जमले आणि कितीतरी मोडले.

आता खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं मिस्त्रीला ऐकू येत नव्हतं. एकदम नाही गेलं. फरशी कापायच्या मशीननं आणि खदानीत रोज दुपारी उडणाऱ्या सुरुंगाच्या बारानं कान हळूहळू खाल्ले. समोरच्या माणसाचं मोठ्यानं बोललेलं कळायचं, पण भिंतीचा बारीक आवाज गेला तो गेलाच. बायको वच्छलालाही त्यानं सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! डोळ्यांना दिसेल, नाकाला वास येईल, तेवढ्यावर वेळ मारून नेत होता, आणि नशीब असं की एकदाही तोंडावर पडला नाही. मग माणसाला वाटायला लागतं, चाललंय की. अरे बाबा, चाललं होतं ते दुसऱ्यांच्या घरांवर.

मग त्याच्या पोरीनंच घर पाहिलं. माधवी ब्लाऊज शिवायची. हात असा सफाईदार की लग्नसराईत पार कोरपन्याहून बायका तिच्या दारात येऊन बसत. नवरा सुनिल सिमेंटचा ट्रक चालवायचा. दहा वर्षं दोघं भाड्याच्या एका खोलीत राहिली होती. या घरात दोन खोल्या होत्या, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी शिलाई मशीन ठेवायला उजेडाची जागा होती. ती जागा पोरीच्या मनात भरली. सुनिल म्हणाला, एखादा इंजिनियर आणून दाखवू. माधवीनं साफ नाही म्हटलं. बाबा असताना इंजिनियर कशाला?

मुखरूला पोरीचा निरोप आला. त्या सकाळी त्यानं आपल्याच घरची, आपल्याच हातानं बांधलेली भिंत ठोकून पाहिली. काही नाही. पोरीला सांगून टाकावं असं वाटेनं तीनदा मनात आलं. पण तिथं पोचला तर माधवी दारातच उभी, हसून घरमालकाला सांगत होती, "हे माहे बाबा. यायनं पाह्यल्याशिवाय मी हो नाई म्हणत." तिच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान होता की मुखरू चपला काढून थेट आत शिरला. मेला ना माणूस तिथंच!

चौकटी त्यानं नखानं टोकरल्या. उधई नव्हती. मोरीमागची ओल वासावरून कळली, ती दुरुस्त होण्यासारखी होती. मग स्वयंपाकघर. बाकी घराला जुना रंग, आणि तेवढ्याच छताला नवाकोरा पांढरा डिस्टेंपर. हे डोळ्याला खुपलंच. स्टुलावर चढून त्यानं काठीनं स्लॅब ठोकला. एकदा, दोनदा, पाच वेळा. भरीव असेल, पोकळ असेल, त्याला काय कळणार? शिडी मागून गच्चीवर चढावं, वर पाणी साचतं का ते पाहावं, असं वाटलं. पण पाहणीसाठी मुखरू मिस्त्रीला शिडी लागली, हे गावानं कधी पाहिलं नव्हतं. खाली माधवी त्याच्या तोंडाकडे पाहत उभी होती. चहा आला. मुखरू तिथंच, त्याच छताखाली बसला आणि कप रिकामा केला.

सौदा जमला, दोघं राहायला आली, आणि पोळा झाल्याच्या चौथ्या दिवशी, भर दुपारी, माधवी मशीनवर बसलेली असताना छताचा घमेल्याएवढा तुकडा खाली आला. वर वर्षानुवर्षं पाणी मुरून सळाखी गंजल्या होत्या, फुगल्या होत्या, आणि तडे डिस्टेंपरनं झाकले होते. वरून कीर्तन, आतून तमाशा. तुकडा तिच्या उजव्या हातावर पडला. चंद्रपूरच्या दवाखान्यात तीन बोटं काढावी लागली.

मुखरूला कोणीच काही म्हणालं नाही. सुनिलही नाही. उलट लोक म्हणत, एवढ्या मोठ्या मिस्त्रीलाही घरानं फसवलं, तिथं दुसऱ्याचं काय! हे ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. तिसऱ्या दिवशी सुनिल औषधं आणायला खाली गेला, तेव्हा मुखरू खाटेशी बसला आणि बोलला.

"माधवी, मले आयकू येत नाई. दोन वर्षं झाले. तुह्या घराचा स्लॅब मी आयकलाच नाई."

पोरीनं थोबाडीत मारावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. ती डाव्या कोपरावर जोर देऊन उठली, त्याच्या अगदी समोर तोंड आणलं आणि सावकाश म्हणाली, "मले माहीत होतं, बाबा. मांगून हाक मारली तर तुम्ही वळत नाई. म्हणून तं समोर येऊन बोलून राह्यली ना मी, इतके दिवस."

मुखरूला खरंच आठवलं. अंगणातून, चुलीपुढून, हातातलं काम टाकून ती त्याच्यापुढे येऊन बोलायची. पोरीला माया आहे, एवढंच तो समजत होता.

"मंग मले बोलावलं काऊन?"

"सारं गाव तुम्हाले बोलावते. पोरीनंच दुसरा माणूस आणला असता तं तुमच्या कानाचं लोकायले समजलं असतं." ती आणखी पुढे सरकली. "वाटलं, माह्या घरी तरी तुम्ही खरं सांगान."

मुखरूनं तिचा हात धरायला हात पुढे केला. पण त्याच्या बाजूला होता तो उजवा, कोपरापर्यंत बांधलेला. मग तो खाटेची दांडी धरून बसून राहिला, सुनिल औषधं घेऊन येईपर्यंत.