काठी, घोंगडी आणि दोन उंडे

आमोणे गावातल्या घरी बसून तनयाने एकटीने एक गेम बनवला होता. ज्यांनी तो खेळून पाहिला, ते सगळे पहिल्या गावातच कंटाळून उठले. सुरुवातीला खेळाडूला एका झोपडीत मिळायची एक काठी, एक घोंगडी आणि दोन उंडे, म्हणजे कडक पाव. तलवार फार पुढे, डोंगरापलीकडच्या लोहाराकडे. ती आधीच देऊन टाकावी का, हे तनयाला ठरवता येईना. म्हणून रविवारी तिने कमलाक्षीमावशीला कॉम्प्युटरपुढे बसवलं. म्हापशाच्या कापडाच्या दुकानात काम करणाऱ्या मावशीने आजवर एकही गेम खेळला नव्हता.

पहिल्याच दारात एका म्हातारीने खायला मागितलं. मावशीने उंडे देऊन टाकले. घोंगडी कुडकुडणाऱ्या गुराख्याला दिली, काठी एका लंगड्याला.

"अगं मावशी, ते तुला लागणार आहे!"

"मग ती सगळी मागतात कित्याक, कशाला?"

गाव जिवंत वाटावं म्हणून तनयानेच त्यांना मागायला लावलं होतं. कोणी खरंच सगळं देईल, असं तिला वाटलं नव्हतं.

रिकाम्या हाताने मावशी वेशीबाहेर गेली आणि रानडुकराने तिला लोळवलं. पडदा काळा झाला. मग ती पुन्हा झोपडीत जागी झाली. काठी, घोंगडी, उंडे सगळं जवळ होतं.

"हे परत माझ्याकडे कसं? त्या म्हातारीकडून काढून घेतलंस?"

"नाही गं, खेळ पहिल्यापासून सुरू झाला."

"म्हणजे ती अजून उपाशीच?"

मावशीने पुन्हा सगळं दिलं आणि ती पुन्हा मेली. तिसऱ्या खेपेला लंगडा काठी मागत राहिला आणि ती माउसवर हात ठेवून नुसती बघत बसली. चहा निवून गेला.

"आवडला का?" तनयाने विचारलं.

"माका कळत नाय गे. जीवाला घोर मात्र लागला." असं म्हणून मावशी बस गाठायला निघाली.

तनयाने झोपडीत तलवार ठेवून स्वतः खेळून पाहिलं. आता काठी देताना काहीच वाटेना. तिने तलवार काढली, परत ठेवली, परत काढली. बाकीचे जिथे लगेच कंटाळले तिथे मावशी दुपारभर अडकली होती. हे चांगलं म्हणायचं की वाईट? तिला उलगडेना. शेवटी तलवारीचा विषय तसाच टाकून, उंडे मिळाल्यावर म्हातारी काय बोलेल, ते ती लिहायला बसली.