बियाण्याच्या खोलीचे साल

उकर्डाजींच्या घरी पहिली मुलगी झाली, तिचे नाव भागीरथा ठेवले, आणि तिच्या बारशाच्या घुगऱ्या मळ्यातल्या नव्या खोलीच्या दारात वाटल्या, त्या वर्षी माझा जन्म झाला. इंग्रजी साल तेव्हा त्या घरात कोणी धरत नव्हते. मित्रांनो, मी एक जुने कुलूप आहे. माझे गाव पातूरपासून फार लांब नाही. नाव मात्र मी सांगणार नाही. हे कोण वाचते आहे ते मला दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याला मी पत्ता देत नाही.

मला पातूरच्या एका लोहाराने घडवले. बैलगाडीच्या चाकाची झिजलेली लोखंडी धाव तोडून त्याने माझे अंग केले. उकर्डाजी सकाळपासून त्याच्या पुढ्यात बसून होते. लोहाराने गुपचूप दुसरी किल्ली करून ठेवू नये, म्हणून ते जेवायलाही उठले नाहीत. अशा माणसाच्या हाताने मी दाराला लागले. माझा स्वभाव तिथूनच आला.

खोली लहानच होती. दगड-चुन्याच्या भिंती, वर सागाच्या मयाली, म्हणजे आडव्या तुळया, आणि त्यांवर गढीच्या पांढऱ्या मातीचे सपाट धाबे. बाजूला विहीर. आत बियाणे असायचे. कांद्याचे, वांग्याचे, मिरचीचे, दरवर्षी निवडून ठेवलेले. त्या बियाण्यावर गावातल्या पाच-सात बागाइतदारांचा डोळा होता. कोणी पाणी प्यायला विहिरीवर आले की मी त्याचे हात पाहायचे. पाणी पिणाऱ्याची नजर पाण्यात असते. दाराकडे नजर गेली की समजावे, तहान दुसरीच आहे.

माझी ती वर्षे चांगली गेली. दसऱ्याला मला हळद-कुंकू लागायचे. महिन्यातून एकदा तेलाचा थेंब मिळायचा. उकर्डाजींनंतर किल्ली त्यांच्या मुलाकडे आली आणि त्याच्यानंतर नातू देवीदासकडे. देवीदासचा स्वभाव आजोबांवर गेला होता. कुलूप लावून झाले की तो मला दोनदा ओढून पाहायचा, मग चार पावले जाऊन परत यायचा आणि तिसऱ्यांदा ओढायचा. त्याची बायको जमुना म्हणायची, "त्या कुलुपाचा हात सोडा आता. मले तर लग्नातबी इतकं धरलं नोतं."

पुढे बियाणे दुकानातून पाकिटात येऊ लागले. खोलीत फवारणीचे पंप आणि तुटके पाइप आले. देवीदासचा मुलगा किशोर मला तेल घालायचा नाही. दगडाने ठोकून उघडायचा. माझे पोट गंजाने भरले. तरी मी कामात कुचराई केली नाही.

दोन हजार चोवीसच्या जुलै महिन्यात एक मुलगी स्कुटीवरून आली. पाठीवर पिशवी, हातात मोजायची टेप. तिने आधी खोलीचा फोटो काढला आणि मग नमस्कार केला. हा क्रमच मला आवडला नाही. देवीदास विहिरीजवळ मेथीच्या जुड्या बांधत बसला होता. तो उठला नाही.

"कोनाची हो तू, बाई? कोन्या खात्याची?"

"खात्याची नाही, बाबाजी. मी आकांक्षा. अमरावतीच्या विद्यापीठात शिकते. गावातल्या सगळ्यात जुन्या इमारतींची यादी करून राहिली. देऊळ पाहून आली, पण त्याच्यात जुनं काही उरलंच नाही. सगळ्या नव्या टाइल्स."

"मंग आमच्याकडं काय हाय? हे तं कांद्याची खोली हाय."

"ही केव्हा बांधली?"

मित्रांनो, इथे थांबून एक गोष्ट सांगावी लागते. गावात एक जुनी शाळा होती. तीन वर्षांपूर्वी काही माणसे तिचे वय विचारून गेली होती. वय जास्त निघाले म्हणून तिला शिकस्त ठरवले आणि आठवड्याभरात पाडले. देवीदासने त्यातून एकच धडा घेतला होता. जुने म्हटले की पाडतात. आणि खोलीसमोरची पांदण रुंद करून तिथे सिमेंटचा रस्ता होणार, ही बातमी तर गावभर होती. तेव्हा हातात टेप घेतलेल्या मुलीला खोलीचे वय विचारावेसे वाटले, यात मलाही काळेबेरेच दिसले.

"बाहत्तर सालची हाय," देवीदास म्हणाला. "हे किशोरची माय लगन होऊन आली ना, त्या साली बांधली."

मुलीने लिहून घेतले. मग पेन थांबले. "बाहत्तर म्हणजे दुष्काळाचं साल ना, बाबाजी?"

"हो."

"बरं."

एवढेच बोलली. जमुना तोंड फिरवून मेथीच्या काड्या वेचू लागली. ती या घरात आली तेव्हा याच खोलीच्या उंबऱ्याने तिच्या पायाचे बोट फुटले होते. पण नवऱ्याला परक्या माणसासमोर खोटे पाडायची तिची रीत नव्हती.

मुलीने भिंती मोजल्या. माझ्याजवळ येऊन तिने मला उलटे करून पाहिले. अंगावर काटा यावा तसे झाले. जाताना ती म्हणाली, "भिंतीचा हा सुटलेला पोपडा नेऊ का? चुन्याचा?"

"चुना काहून पायजे तुले?" देवीदास म्हणाला.

"थर मोजायचे आहेत."

"ने बाई, ने," जमुना म्हणाली. "लिंबू-मिरची सोबत आनली अशीन तं तेबी इथंच ठेवून जाय."

मुलगी हसली आणि पोपडा कागदात गुंडाळून घेऊन गेली. ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत देवीदास पाहत होता. मग त्याने मला तीनदा ओढले.

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा झाली. देवीदास तिथून आला आणि माझ्यासमोरच्या दगडावर बसून राहिला. काय झाले ते मला किशोरच्या तोंडून कळले.

"सरपंचानं ठराव घेतला, माय. शंभर सालाच्या वरचं जे बांधकाम अशीन, त्याले हात लावाचा नाई. रस्ता वळवाचा. त्या अमरावतीच्या पोरीनं पंचायतीत देल्लेली यादी वाचून दाखवली. आपल्या खोलीपुढं काय लिवलं, तं बाहत्तर. दिवाळीच्या आधी पाडाची म्हनून नाव घेतलं."

"मंग तुमी बोलले नाई?" जमुनाने देवीदासला विचारले.

"काय बोलू?"

"बाबानंच तं सांगतलं बाहत्तर," किशोर म्हणाला. "खुशालराव तं हसत होते. म्हने, देवीदासभाऊ, तुमीच आपल्या हातानं लिवून देल्लं."

खुशालराव म्हणजे गावचे सरपंच. रस्ता सरळ जावा, अशी त्यांची इच्छा होती. माझ्या मते त्यांना हसू येण्याचे कारण तेच होते. पण मी कुलूप आहे. मला प्रत्येकाच्या हसण्यात कारण दिसते.

दोन दिवस देवीदास जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला उघडले, दारावरून काढले आणि फडक्यात बांधून खिशात घातले. जमुना म्हणाली, "खोली उघडी ठेवून कुठं चालले?"

"तू बस दारात. खोली तं नेता येत नाई. हे नेतो."

शंभराहून अधिक वर्षांत मी पहिल्यांदाच त्या दारापासून दूर गेले. पातूरहून अकोला, अकोल्याहून अमरावती. एसटीत देवीदासचा हात सारखा खिशावर होता. विद्यापीठात तो चार ठिकाणी चुकला, कारण रस्ता विचारला की लोक खरे सांगतील, यावर त्याचा विश्वास नव्हता. दोघांनी एकच दिशा दाखवली तरच तो पाऊल टाकायचा.

आकांक्षा एका लांब टेबलापाशी बसली होती. तिने त्याला ओळखले, खुर्ची दिली, पाणी दिले. त्याने पाणी घेतले नाही.

"तुले माहीत होतं का, मी खोटं सांगतलं म्हनून?"

"शंका होती, बाबाजी. बाहत्तर साली प्यायला पाणी नव्हतं. चुना भिजवायला पाणी कोणी दिलं असतं? मी यादीत शेरा लिहिला होता, सालाची खात्री नाही, पुन्हा भेट द्यावी."

"तो तं कोनी वाचलाच नाई."

"आणि पोपड्यात अठ्ठ्याण्णव थर निघाले. दिवाळीला दरवर्षी एक हात चुन्याचा म्हटला, तरी अठ्ठ्याण्णव वर्षं होतात. शंभराला दोन कमी."

देवीदासने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "ज्या साली घरात मयत होते, त्या साली आमच्यात दिवाळी नसते. चुनाबी नसते."

तिने वही ओढली. "किती मयती झाल्या?"

मित्रांनो, माणूस आपल्या घरचे मेलेले कसे मोजतो ते मी त्या दिवशी पाहिले. त्याने बोटे धरली. आजोबा, आजी, थोरले काका, देवीने गेलेली दोन पोरे एकाच साली, बाप, माय, आणि आणखी पाच जण. नाव घेतले की तो थांबायचा आणि त्या वर्षी मळ्यात काय पेरले होते ते सांगायचा. पोरे सोडून प्रत्येकाचे साल वेगळे होते. अकरा साले निघाली. दुष्काळाची तीन निघाली, तेव्हा चुन्याला पाणी मिळाले नव्हते. मग भागीरथाआत्याचे सांगितले. तिच्या बारशाच्या घुगऱ्या या खोलीच्या दारात वाटल्या. तिचे लग्न मानमोडीच्या साथीच्या साली झाले. तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

आकांक्षाने कागदावर आकडे मांडले. "मानमोडी म्हणजे एकोणीसशे अठरा. त्यातून अकरा गेले, एकोणीसशे सात. तिथून मागच्या दिवाळीपर्यंत एकशे सतरा दिवाळ्या. थर अठ्ठ्याण्णव, मयतीचे अकरा, दुष्काळाचे तीन. एकशे बारा झाले. पाच वर्षं कमी पडतात, बाबाजी."

"पाच साल आळस म्हनून लिव."

ती हसली. तो हसला नाही. त्याने मला खिशातून काढून टेबलावर ठेवले, पण किल्लीची दोरी हातात धरून ठेवली. तिने मला भिंगातून पाहिले आणि ही बैलगाडीची धाव आहे, हे ओळखले. मला ते आवडले, हे कबूल करते.

"मी दोन दिवसांत गावात येते," ती म्हणाली. "काकूंना एकट्यांना विचारीन. तुम्ही तिथं बसायचं नाही."

"माह्यावर भरवसा नाई का?"

"एकदा तुम्ही बाहत्तर सांगितलं होतं."

देवीदासने मान हलवली. परतीच्या गाडीत त्याचा हात माझ्यावर होता, पण पकड सैल होती. ज्याच्यावर आपला विश्वास नाही, त्याचाही आपल्यावर नसू शकतो, ही गोष्ट बहुधा त्याला नवी होती. मला तर नवीच होती.

ठरल्याप्रमाणे ती आली. देवीदासला तिने पार विहिरीपलीकडे पाठवले. जमुना माझ्यासमोर बसून बोलली. भागीरथाआत्याने म्हातारपणी तिला तेच सांगितले होते. घुगऱ्या, अकरावे वर्ष, मानमोडी. एक गोष्ट जमुनाने जास्तीची सांगितली. त्या घुगऱ्यांत मीठ पडायचे राहून गेले होते, आणि आत्याच्या सासरचे लोक तिला जन्मभर त्यावरून बोलत. आकांक्षा म्हणाली, हे मीठ कोणी शिकवून सांगत नाही. तिने तिथेच साल बदलले.

पण कागद बदलून भागत नव्हते. खुशालराव म्हणाले, आधी एक सांगितले, आता एक सांगता, उद्या तिसरे सांगाल. ग्रामसभेत सर्वांपुढे सांगा. म्हणून दोन ऑक्टोबरला देवीदासने मला पुन्हा खिशात घातले.

ग्रामसभा देवळाच्या मंडपात होती. त्याचे नाव घेतले तेव्हा तो लगेच उठला नाही. तो उठावा म्हणून किशोरने त्याच्या कोपराला हात लावला. मग तो खिशावर हात ठेवून उठला.

"ही पोरगी आली, तवा मले वाटलं, खोली पाडाले आली," तो म्हणाला. "म्हनून मी खोटं सांगतलं. खोली माह्या आज्याची हाय. एकोनीसशे सातची. मी सत्त्याहत्तर वर्साचा हावो. आजवर या गावात माह्या तोंडाले खोटं लागलं नोतं. ते लागलं. आता ज्याले हसाचं अशीन त्यानं हसून घ्या."

कोणी हसले नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, "देवीदासभाऊ, मीबी माह्या घराचं वय दहानं कमी सांगतलं हाय. मलेबी उठावं लागते का?" मग आणखी दोघे बोलले. आकांक्षाने पेन काढले. त्या दिवशी गावातल्या तीन घरांची साले बदलली. खुशालरावांनी बराच वेळ कागद चाळला आणि रस्ता विहिरीकडून बारा फूट वळवायला मान्यता दिली. त्यांचे पुढचे बोलणे मी ऐकले नाही. देवीदास सभा संपायच्या आधीच बाहेर पडला होता, दार उघडे आहे म्हणून.

डिसेंबरमध्ये रस्ता झाला. खोलीजवळ तो वळतो. ट्रकवाले वळताना शिव्या देतात. भिंतीवर आता एक लहान पाटी आहे. आकांक्षाच्या यादीत गावातली सर्वात जुनी उभी इमारत म्हणून आमची खोली पहिली आहे. किशोर मला तेल घालू लागला आहे, पण हे त्याने मनापासून सुरू केले की पाटी पाहायला लोक येतात म्हणून, याबद्दल मला अजून खात्री नाही.

मित्रांनो, तुमच्या गावात एखादी जुनी भिंत, जुनी विहीर, जुने दार असेल, तर तिचे साल घरातल्या म्हाताऱ्यांना आजच विचारून ठेवा. एकाला विचारू नका, दोघांना वेगवेगळे विचारा. वही घेऊन कोणी आले तर तो कोण, कुठला, हेही विचारा. संशय घ्यायला माझी हरकत नाही. तोच माझा धंदा आहे. पण विचारून झाले की खरे सांगा. आणि कुलूप दगडाने ठोकू नका. थेंबभर तेल पुरते.

देवीदास ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, मंगळवारी दुपारी, विहिरीजवळ मेथी बांधता बांधता वारले. ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते.