वेलीची पावलं

मी एक जुना ब्रश आहे. दात घासायचा नव्हे आणि बूट पुसायचा तर मुळीच नव्हे. मी भिंत घासायचा ब्रश आहे, मित्रांनो. लोक मला उचलतात, उलटसुलट करतात आणि विचारतात, "हा कशाचा म्हणायचा?" म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं.

माझी पाठ लाकडाची. तिच्यात भोकांच्या सहा ओळी आणि प्रत्येक भोकात राठ काथ्याचा एकेक झुपका. कारखान्यातल्या एका बाईंनी ते झुपके माझ्यात बसवले. शेवटच्या भोकापाशी आल्या आणि काथ्या संपला! बाईंनी टोपलीत हात घालून पाहिलं, तळाशी फक्त भुसा. "जाऊ दे रे, एका दातावाचून तुझं काय अडतंय?" असं म्हणून त्यांनी मला ढिगात ठेवून दिलं. तेव्हापासून कोपऱ्यातलं ते एक भोक रिकामंच आहे. लहानपणी मला त्याची फार लाज वाटायची. आता नाही वाटत. का ते पुढे कळेलच.

मला एका मिस्त्रीकाकांनी विकत घेतलं. भिंतीवर चढलेल्या वेली उतरवायच्या आणि भिंत पुन्हा रंगाला तयार करून द्यायची, हे त्यांचं काम. तुम्ही म्हणाल, त्यात काय, धरली वेल आणि ओढली! अहो, तिथेच तर सगळे फसतात. हिरवी वेल ओढली की तिच्याबरोबर गिलावा खाली येतो आणि मग घरमालक डोक्याला हात लावून बसतो. काका आधी जमिनीजवळ वेलीचा बुंधा कापायचे आणि सरळ घरी निघून जायचे. तीन आठवड्यांनी यायचे. तोवर वेल वाळून तिची पकड ढिली झालेली असे. मग वरून खाली, हलक्या हातानं, ती उतरायची. तरी तिची बारीक मुळं भिंतीला चिकटून राहतातच. काका त्यांना पावलं म्हणायचे. ती पावलं काढायची म्हणजे माझं काम! आधी कोरडं घासायचं, मग ओल्या फडक्यानं पुसायचं, पुन्हा घासायचं. पावलं राहिली की वरचा रंग धरत नाही.

"वेल तोडायला पाच मिनिटं लागतात, तिचं मन वळवायला तीन आठवडे," काका सांगायचे. ऐकणारे हसायचे. मला मात्र हे काकांचं बोलणं फार आवडायचं.

पुढे काकांच्या गुडघ्यांनी शिडी चढायला नकार दिला आणि कामाची पिशवी त्यांच्या लेकीकडे आली. तिला सगळे ताई म्हणत. ताई कामाला चपळ, पण मोठी घाईची. तिनं एक चकचकीत तारेचा ब्रश आणला आणि मी गेलो पिशवीच्या तळाशी. माझ्या अंगावर कुणीतरी सांडलेला चुना वाळून घट्ट झाला. खरं सांगू? मला रडू आलं. इतकी वर्षं राबलो आणि कुणी साधं धुऊनही ठेवू नये! मग एका विटांच्या भिंतीवर त्या तारेनं असे ओरखडे काढले की विचारू नका. काकांनी येऊन त्या भिंतीवरून तळवा फिरवला आणि ते परत गेले. त्या संध्याकाळी ताईनं मला कोमट पाण्यात भिजवलं, झुपका न् झुपका मोकळा केला आणि खुंटीला टांगलं. तिनं माझी क्षमा मागितली असं मी समजतो.

आता ज्या घरासाठी ही सगळी गोष्ट सांगतोय, त्या घराकडे वळतो.

त्या घरात एक आजोबा होते. आयुष्यभर त्यांनी लोकांचे चष्मे बनवले होते. त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा, सून आणि सात वर्षांची नात राहायची. नातीला सगळे टिल्ली म्हणत. टिल्लीच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर एक वेल होती, जमिनीपासून थेट खिडकीच्या वरपर्यंत. ती आजीनं लावली होती. आजी दोन वर्षांपूर्वी गेली. वेल वाढतच राहिली. तिच्या पानांमागे पाणी मुरलं, भिंतीला ओल आली, खोलीत पोपडे सुटले आणि टिल्लीचा खोकला काही केल्या हटेना. डॉक्टर म्हणाले, आधी भिंत कोरडी करा. तोवर टिल्लीचा पलंग बैठकीच्या खोलीत आला आणि तिची पुस्तकं खोक्यात गेली.

आजोबांचा मात्र एकच हेका होता. "माझी खोली घ्या. मी ओलीत झोपतो. पण वेलीला हात लावायचा नाही."

"बाबा, तुम्हाला खोकला झालेला चालणार आहे का आम्हाला?" सून म्हणाली.

शेवटी तिनं ताईला बोलावलं. ताई आली, तिनं बुंधा कापला आणि तीन आठवड्यांनी येते म्हणून सांगितलं. आजोबा त्या वेळी घरात खुर्चीवर भिंतीकडे पाठ करून बसले होते.

तीन आठवड्यांनी आम्ही गेलो, तर वेल हिरवीगार! ताईनं डोळे चोळले. बुंधा तर कापलेला होता. तिनं भिंतीला हात लावला, भिंत ओलीचिंब. वेलीची ती बारीक मुळं भिंतीतलंच पाणी पिऊन तग धरून होती. इतकं पाणी आलं कुठून, ते काही तिला कळेना.

"आजोबा रोज मारतात पाणी," टिल्ली खोकत खोकत म्हणाली. "चष्मा पुसायच्या बाटलीनं. फुस्स फुस्स."

सुनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "बाबा, ही तुमचीच नात आहे ना हो?"

आजोबांच्या सदऱ्याच्या खिशातून त्या बाटलीचं तोंड डोकावत होतं. त्यांनी ते हातानं झाकलं. "तहानलेली दिसायची गं," ते म्हणाले. "पानं मान टाकायला लागली की मला बघवेना. तुझ्या सासूचंही शेवटी तसंच झालं होतं."

मला वाटलं, आता ताई भडकणार. वेळ फुकट गेला होता, तिची दुसरी कामं खोळंबली होती. पण ताई आजोबांजवळ गेली आणि पायरीवर बसली. "माझे बाबा म्हणतात, वेलीचं मन वळवायला तीन आठवडे लागतात," ती म्हणाली. "माणसाचंही वळवायला लागतं, हे माझ्या लक्षातच आलं नाही. अजून तीन आठवडे घेऊ आपण. बाटली मात्र माझ्याकडे द्या."

आजोबांनी खिशातून ती बाटली काढून टिल्लीच्या हातात ठेवली. "तूच सांभाळ," ते म्हणाले. "मागितली तरी देऊ नकोस मला."

तीन आठवड्यांनी वेल वाळून खडखडीत झाली होती. ताई शिडीवर चढली आणि वरून एकेक फांदी सोडवायला लागली. खिडकीपाशी आल्यावर ती थांबली. "आजोबा, इथे काहीतरी बांधलंय हो!"

भिंतीतल्या खिळ्यांना वेल कापडाच्या पट्ट्यांनी बांधलेली होती. निळ्या पट्ट्या, त्यांवर बारीक पांढरी रेघ. ताईनं एक पट्टी खाली टाकली. आजोबांनी चष्मा वर केला, खाली केला, पट्टी डोळ्यांजवळ नेली आणि ओरडले, "अगं, हा माझा सदरा!"

सुनेला हसू आवरेना. त्या सदऱ्याची हकीकत घरात सगळ्यांना पाठ होती. तो इस्त्रीवाल्यानं हरवला म्हणून आजोबा त्याच्याशी कडाकडा भांडले होते आणि सात वर्षं त्याच्याशी बोलत नव्हते.

"मी रोज ओरडायचो आणि तुझी सासू मुकाट्यानं ऐकायची!" आजोबा हसत होते आणि त्यांच्या चष्म्याच्या काचा ओल्या होत होत्या. "कोपर फाटलं होतं त्याचं. तरी मी टाकू देत नव्हतो. तिनं आपला न विचारता फाडला बघ. लबाड कुठली!"

मग ते उठले. अस्तन्या वर करून त्यांनी ताईपुढे हात केला. "तो ब्रश द्या इकडे. तिनं चढवलेली वेल आहे, पावलं मी काढतो."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला पुष्कळ हातांनी धरलं, पण तसं कुणी धरलं नाही. बारीक काचा घासलेला हात तो! प्रत्येक पाऊल वेगळं बघून, हलकेच, न खरवडता तो ते काढत होता. खालचा भाग आजोबांनी केला, वरचा ताईनं. चार दिवस लागले. पुढे भिंत महिनाभर नुसतं ऊन खात होती. मग तिला रंग लागला, टिल्लीचा पलंग परत तिच्या खोलीत गेला आणि तिचा खोकला हळूहळू थांबला. आजोबा इस्त्रीवाल्याकडे जाऊन त्याची माफी मागून आले. येताना त्याच्याचकडे चहा पिऊन आले, असं ऐकलं.

काम संपल्यावर ताईनं मला धुवायला घेतलं आणि माझ्या त्या रिकाम्या भोकात तिला वेलीचं एक बारीक पाऊल अडकलेलं दिसलं. ती खिळ्यानं ते काढणार, तोच आजोबा म्हणाले, "राहू दे गं तेवढं. भिंतीवर नको, पण इथे असू दे."

ताईनं मला त्यांनाच देऊन टाकलं. आता मी टिल्लीच्या खिडकीत असतो. भिंतीवर कुठे नवा कोंब दिसला की आजोबा मला घेऊन बाहेर जातात, तो काढतात आणि मला धुऊन वाळत टांगतात. एवढी काळजी माझी आजवर कुणी घेतली नव्हती.

तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी पिशवीच्या तळाशी पडलं असेल. त्याला बाहेर काढा, कोमट पाण्यानं धुवा, नीट वाळवा. वेल उतरवायची असेल तर घाई करू नका. ज्याची ती वेल आहे, त्याच्याजवळ आधी थोडं पायरीवर बसा. आणि मला कधी हातात घेतलंत तर हवं तितकं घासा, माझी तक्रार नाही. फक्त कोपऱ्यातल्या त्या भोकात खिळा घालू नका. तिथे आजी राहते.