मुबारक

"हमदुल्लाभाई, आपका फोन. क्वेट्टा से," प्रमिलाने हाक मारली. खिडकीतला एसी उघडून बसलेला हमदुल्ला उठला, हात पँटला पुसले आणि त्याने रिसीव्हर घेतला.

बिल्डिंगचे एसी दुरुस्त करणारा हा माणूस अफगाण होता, मजार-ए-शरीफचा. त्याच्या खोलीत फोन नव्हता, म्हणून क्वेट्ट्यातल्या मेव्हण्याला त्याने प्रमिलाचा नंबर दिला होता. शारजाच्या अल मजाज भागातल्या शेजारणी यावरून नाकं मुरडत, पण प्रमिलाला त्याचं काही वाटत नसे. महिनाभर फोनवर एकच विषय होता, मजारला असलेल्या त्याच्या मुलीचं लग्न. त्याला स्वतःला जाता येणार नव्हतं. ऐन ऑगस्टात शारजात एसीवाल्याला रजा कोण देणार?

आज मात्र तो नुसता ऐकत राहिला. मग रिसीव्हर ठेवून म्हणाला, "सब खलास, भाभी."

"हो गया? मुबारक हो, भाई."

गिरगावात 'खलास' हा शब्द ऐकला असता तर तिच्या काळजात चर्र झालं असतं. पण इथे इतकी वर्षं काढल्यावर खलास म्हणजे झालं, उरकलं. दूध खलास, मुलाचा होमवर्क खलास, व्हिसाचं काम खलास. श्रावण होता, घरात प्रसादाचा शिरा होता. तिने डिश भरून आणली.

"शादी का मीठा. खाना पडेगा."

तो डिशकडे बघत राहिला. मग उभ्या उभ्याच सगळा शिरा खाल्ला, एसी लावून दिला आणि गेला. लेकीची आठवण येत असेल बिचाऱ्याला, असं तिला वाटलं.

संध्याकाळी तिचा नवरा सूर्यकांत ऑफिसातून आला तो बूट न काढताच बोलू लागला. "अगं, हमदुल्ला हजारा जमातीचा आहे ना? रेडिओवर सांगत होते, मजार तालिबानच्या हातात गेलं. हजारांना घराघरातून ओढून मारलंय. बॉडीज रस्त्यावर पडल्यात, उचलूही देत नाहीत."

"काहीतरीच. सकाळीच फोन आला होता. शादी झाली म्हणाला."

"झाली म्हणाला? नक्की काय म्हणाला?"

प्रमिलाने सांगितलं, आणि सांगता सांगताच तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ती गच्चीवर गेली. तो उन्हात पाइप जोडत होता.

"छुट्टी नहीं लिया?"

"छुट्टी लेके किधर बैठेगा, भाभी? रूम में छह आदमी है."

"कल मैंने... मेरे को समझा नहीं, भाई. माफ करो."

"आपने खुशी से दिया. मेरा मुँह नहीं खुला." तो पान्याकडे बघत बोलत होता. "दूल्हा और मेरा दोनों भाई, घर के दरवाजे पे. बेटी रस्ते में. सब भाग रहा था, ऊपर से रॉकेट आया."

प्रमिलाला रडू आवरेना. महिनाभर या मुलीच्या लग्नाच्या गप्पा तिने ऐकल्या, आणि विचारायचं राहूनच गेलं होतं.

"नाम क्या था उसका?"

"शहरबानू." त्याने पाना खाली ठेवला. "भाभी, एक बार आप बोलो. इधर किसी को मालूम नहीं. मैं अकेला बोलता है."

"शहरबानू," प्रमिला म्हणाली. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा एकदा, खालच्या रस्त्यावरून कुणाला बोलवावं तशी, तिने हाक मारली.

"जी," हमदुल्ला म्हणाला. ओ द्यायला तोच उरला होता.