चार नंबरचं नवं नाव

शहरातल्या सहा रेल्वे लाइनींना आजवर नुसते नंबर होते आणि त्याबद्दल कोणाची काही तक्रार नव्हती. 'चार नंबर आज पुन्हा बोंबलली' असं म्हणताना चारच्या आकड्याचा अपमान होतो, असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. मग एक समिती बसली. हे शहर ज्यांनी खस्ता खाऊन उभं केलं त्यांचं नाव कुठेच नाही, असं समितीचं म्हणणं होतं, आणि समितीचं असूनही ते खरं होतं. एक नंबरची झाली सुईणींची लाइन, दोनची गोदी हमालांची, तीनची रात्रशाळा लाइन, चारची लाँड्री संप लाइन, पाचची पाणी मोर्चा लाइन. सहापर्यंत येता येता समितीची मुदत किंवा बिस्किटं संपली असावीत, कारण सहा नंबरला 'सामान्य नागरिक लाइन' हे नाव मिळालं.

पाट्या बदलल्या आणि लोकांनी लेखण्या उचलल्या.

ही पत्रं रेल्वेच्या मुख्य कचेरीत, तिसऱ्या मजल्यावरच्या लोकप्रतिसाद कक्षात येत. कक्ष म्हणजे पूर्वीची हरवलेल्या सामानाची खोली. सामान गेलं, पण कोणीच न नेलेल्या सात छत्र्या अजून कोपऱ्यात उभ्या होत्या. तिथे वरिष्ठ लिपिकबाई बसत. वय एक्कावन्न, नोकरी सव्वीस वर्षं, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांच्या टेबलावर तीन ट्रे होते: अभिमान, संताप आणि इतर. अभिमानाला नमुना क्रमांक एकचं उत्तर जाई, 'आपल्या अभिमानात आम्ही सहभागी आहोत.' संतापाला दोन, 'आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे.' इतरांना तीन, 'आपली सूचना संबंधितांकडे पाठवण्यात आली आहे.' संबंधित म्हणजे कोण, हे कचेरीत कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांच्याकडून कधी तक्रारही आली नाही.

पक्षपात होऊ नये म्हणून पाकिटं खालच्या आवक विभागात फोडली जात. नाव-पत्ता तिथल्या वहीत राही आणि वर यायचा तो नुसता कागद, त्याच्यावर एक नंबर. लिपिकबाई कागदाची पहिली ओळ वाचत, शेवटची वाचत आणि ट्रेमध्ये टाकत.

"आणि मधलं?" नवीन असताना शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं होतं. हा ऑफिसातल्या सगळ्यांच्या निवृत्तीवर कविता करी, म्हणून त्याला कविराज म्हणत.

"मधलं सगळ्यांचं सारखंच असतं," लिपिकबाई म्हणाल्या होत्या. सव्वीस वर्षांत त्यांना याचा पस्तावा करायची वेळ आली नव्हती.

पत्रं मात्र एकेक नग होती. एका गृहस्थाने कळवलं होतं की सुईणींच्या लाइनने रोज कामाला जाताना पुरुष म्हणून त्याला अवघडल्यासारखं होतं. जन्माच्या वेळी झालं होतं का, ते लिहिलं नव्हतं. न्हाव्यांच्या संघटनेने सातव्या लाइनीची मागणी केली होती, जी अस्तित्वातच नव्हती. एक निवृत्त प्राध्यापक दर सोमवारी चार पानं पाठवून इतिहासाचं राजकारण करू नका असं बजावत आणि पाचव्या पानावर आपल्या आजोबांचं नाव सुचवत. 'नाव काहीही ठेवा, पंखे लावा,' असं एकशे बारा जणांनी लिहिलं होतं. आणि एका हमालाच्या नातवाने आजोबांचा फोटो पाठवला होता, पाठीवर पोतं असलेला. पोत्यामुळे चेहरा दिसतच नव्हता. हा फोटो लिपिकबाईंनी कोणत्याच ट्रेमध्ये टाकला नाही. काचेखाली ठेवला.

चार नंबरच्या नावाबद्दल त्यांना स्वतःला अभिमान होता. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांपूर्वी मोठ्या वाफेच्या लाँड्रीतल्या बायकांनी एकतीस दिवस संप केला होता. हॉटेलांच्या चादरी, इस्पितळांचे पडदे, सगळं पडून राहिलं. शहर चुरगळलेलं फिरलं. लिपिकबाईंची आई त्या लाँड्रीत होती. त्या तेव्हा आठ वर्षांच्या. आई घरी असायची आणि रोज दोन वेण्या घालून द्यायची, एवढं त्यांना आठवे. मग एक दिवस वेण्या बंद झाल्या, आई पुन्हा पहाटे कामाला जाऊ लागली. संप जिंकला, असं त्या धरून चालल्या. "माझी आई होती त्या संपात," हे त्यांनी ऑफिसात इतक्यांदा सांगितलं होतं की साहेब पाहुण्यांशी त्यांची ओळखच तशी करून देत.

आई आता एकोणऐंशीची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजव्याचं ऑपरेशन मंगळवारी होतं, डोळ्यांच्या इस्पितळात, चार नंबरच्या शेवटच्या स्टेशनाजवळ. घरापासून सरळ गाडी, पंचवीस मिनिटं. पण पाट्या बदलल्यापासून आईचा एकच हेका होता.

"मी बसने जाईन."

"आई, दोन बस बदलाव्या लागतात. मधे अर्धा तास उभं राहायचं."

"मग राहीन उभी. पाय माझे आहेत ना?"

"अगं, तुमच्या नावाची गाडी आहे! लोक झुरतात असं नाव मिळावं म्हणून. न्हावी तर—"

"न्हाव्यांना सांग, माझ्या वाटचं घ्या," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. दुपारचे बारा वाजले होते.

म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणून लिपिकबाईंनी सोडून दिलं.

त्याच आठवड्यात साहेब कक्षात आले. नामकरणाचा मोठा समारंभ सोमवारी ठरला होता. "मॅडम, व्यासपीठावर संपातली जिवंत बाई पाहिजे. दोन-तीन मिळाल्या तर उत्तम. एक मिळालीय, पण ती फार बोलते."

"माझी आई—"

"तुमच्या आईला नाही बोलवता येत. ऑफिसातल्याच्या आईचा सत्कार म्हटलं की पेपरवाले फाडून खातील. पत्रांत बघा."

लिपिकबाईंनी पत्रांत पाहिलं. एकवीसशे चौदा नंबरचा कागद हाती आला, वळणदार, शिस्तीचं अक्षर. पहिली ओळ: 'मी स्वतः मोठ्या लाँड्रीत भट्टीवर कामाला होते आणि संप झाला तेव्हा तिथेच होते.' शेवटची ओळ: 'आपली नम्र, एक लाँड्रीवाली.' त्यांनी वर लाल पेन्सिलीने 'व्यासपीठ' असं लिहिलं आणि कागद खाली पाठवून दिला. खालच्या मंडळींनी वहीतून पत्ता काढला आणि सोनेरी काठाचं निमंत्रण रवाना केलं.

शनिवारी त्या घरी आल्या तर आई खुर्चीत ताठ बसलेली, मांडीवर सोनेरी काठाचं निमंत्रण. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका दारात चपलेत पाय घालत होते. लिपिकबाईंना पाहून "बरंय, निघतो, पँटी पडल्यात," असं पुटपुटत जिना उतरले.

"काकांनी वाचून दाखवलं," आई म्हणाली. "मला हार घालणार आहेत."

लिपिकबाईंनी कार्ड घेतलं. आईचं नाव. संदर्भ: पत्र क्रमांक एकवीसशे चौदा. त्यांना हसूच फुटलं. "अगं म्हणजे ते पत्र तुझं! काकांच्या हातचं! मला सांगायचं नाहीस? मीच निवडलं गं ते! मला काय माहीत!"

"तू निवडलंस?"

"मीच."

"वाचून?"

"वाचून म्हणजे... हो."

"सगळं?"

लिपिकबाईंनी कार्ड उलटंसुलटं केलं. आईला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, पण गप्प राहणं तिला लांबून ओळखू येई.

"एकोणिसाव्या दिवशी मी आत गेले," आई म्हणाली. "तेच लिहिलंय त्यात. संप एकतीस दिवस चालला. माझा एकोणीस."

बाहेर कोणीतरी बादली सरकवली. लिपिकबाई चपला न काढताच खाटेवर बसल्या. वेण्या. एकोणीस दिवस वेण्या.

"माझ्यासाठी गेलीस?" त्यांनी शेवटी विचारलं. "मला ताप-बीप होता का?"

"छे. ठणठणीत होतीस. सगळ्यांच्याच घरी पोरं होती, तरी त्या उभ्या राहिल्या. तुझ्यावर ढकललं असतं तर मला सोपं गेलं असतं, पण ते खोटं आहे. मला भीती वाटली. बास." आईने पदराने नाक पुसलं. "खळवाली दाराशी उभी होती. कपड्यांना खळ लावायची, म्हणून खळवाली. आम्ही दोघी एका डब्यात जेवायचो. मला वाटलं शिव्या देईल, थुंकेल. तिने काय केलं असेल?"

"काय?"

"बाजूला झाली. मला जायला वाट दिली." आई म्हणाली. "फार बोलायची ती. त्या दिवशी अवाक्षर नाही."

साहेबांना मिळालेली, फार बोलणारी बाई कोण असणार, हे लिपिकबाईंच्या लक्षात आलं. सोमवारी त्यांनी आईला तिच्या शेजारी हार घालून बसवलं असतं. स्वतःच्या लाल पेन्सिलीने.

"मग पत्र लिहिलंस कशाला, आई?"

"ते बाकीचं वाच, म्हणजे कळेल," आई म्हणाली. "सरकारी पगार घेतेस ना वाचायचा?"

समारंभाच्या दिवशी लिपिकबाई कचेरीत एक तास आधी पोचल्या. कागद खालून वर मागवला आणि पहिल्यांदाच एखादं पत्र मधूनही वाचलं. त्यात अभिमान नव्हता, संताप तर नव्हताच. एकोणिसाव्या दिवसाची हकीकत होती आणि तिच्याखाली एक विनंती: 'नाव योग्य दिलं आहे, बदलू नये. पण मला डोळ्यांसाठी त्या लाइनने जावं लागेल. माझ्या तोंडून ते नाव निघणं बरोबर नाही. तरी मी तिकीट मागताना नुसतं चार नंबर म्हटलं तर खिडकीवर चालेल का, एवढं कळवावं.'

साहेब हजेरीपटावर सही करत होते. लिपिकबाईंनी कागद पुढे ठेवला आणि सांगितलं, या बाई येणार नाहीत, या संपात नव्हत्या, आणि या माझी आई आहेत.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "कार्यक्रमपत्रिका छापल्यात, मॅडम."

"हो."

"लाँड्रीत तर होत्या ना? कोण तपासतंय? चार फुलं, एक शाल, पाच मिनिटं."

"शेजारी बसणारी बाई तपासेल, साहेब."

साहेबांनी एक उसासा टाकला, जो त्यांनी बहुधा मंत्र्यांसाठी राखून ठेवला होता, आणि यादीतलं नाव स्वतः खोडलं. मग म्हणाले, "तुम्ही सगळ्यांना सांगत होतात, आई संपात होती म्हणून."

"सांगत होते. मी मधलं वाचलं नव्हतं."

टेबलाशी परतल्यावर कागद कुठे टाकायचा, हा प्रश्न उरला. लिपिकबाई तो हातात धरून तिन्ही ट्रेंवरून फिरवत राहिल्या. कविराज बराच वेळ बघत होता.

"'इतर' मधे टाका," तो म्हणाला. "नाहीतरी तिथे काय, पंखेच पंखे आहेत."

"त्याला तीन नंबरचं उत्तर जातं. सूचना संबंधितांकडे पाठवली म्हणून." त्यांनी कागद काचेखाली ठेवला, पोतंवाल्या हमालाच्या शेजारी. मग एक कोरा कागद घेतला. सव्वीस वर्षांत नमुन्याशिवाय उत्तर लिहिलं नव्हतं, त्यामुळे 'महोदया' लिहून त्या बराच वेळ अडल्या. अखेर लिहिलं: 'आपल्या पत्राचं उत्तर. तिकीट मागताना चार नंबर म्हटलं तरी चालेल. तसं करू नये असा कोणताही नियम नाही. उलट बहुतेक सगळे अजून तसंच म्हणतात. आपण त्या लाइनने जरूर जावं. बसण्यासाठी कोणतीही अट नाही.' खाली सही केली, हुद्दा लिहिला आणि शिक्का मारला, कारण शिक्का नसता तर आईने विश्वास ठेवला नसता. टपालाने ते मंगळवारपर्यंत पोचलं नसतं, म्हणून स्वतःच घेऊन गेल्या.

रात्रीचं जेवण झाल्यावर आईने शिंपीकाकांनाच बोलावून ते वाचून घेतलं. मुलीवर तिचा भरवसा उरला नव्हता. काकांनी शिक्क्यासकट वाचलं.

"शिक्का गोल आहे का चौकोनी?" आईने विचारलं.

"गोल."

"मग खरं असेल."

मंगळवारी सकाळी दोघी स्टेशनात गेल्या. तिकीट खिडकीवर तोच जुना तिकीटवाला होता. त्याच्या डोक्यावर नव्या पाटीवर हातभर अक्षरांत लाँड्री संप लाइन लिहिलं होतं, आणि तो रांगेतल्या प्रत्येकाला "चार नंबर? चार नंबर?" असं विचारत तिकिटं फाडत होता. लिपिकबाईंनी आईचा दंड हलकेच दाबला. बघ, म्हटलं होतं ना.

"चार नंबर ना, आजी? दोन?"

आई खिडकीच्या जाळीला नाक टेकेल इतकी पुढे गेली. मागच्या माणसाने घड्याळात बघितलं.

"लाँड्री संप लाइन," आई म्हणाली. मोठ्याने, भट्टीच्या आवाजावर बोलायची सवय असलेल्या माणसासारखं. "दोन द्या."

"तेच ते, आजी."

"तेच नाही," आई म्हणाली.

तिकीटवाल्याने खांदे उडवले आणि दोन तिकिटं सरकवली.

"अगं, चार म्हटलं तरी चालेल असं लिहून दिलं होतं ना तुला?" फलाटाकडे जाताना लिपिकबाई म्हणाल्या. "शिक्क्यासकट."

"चालेल असं कळलं ना. मग म्हटलं, आता घेऊ नाव."

गाडी आली. डबा निम्मा रिकामा होता, पण आई बसेना. दांडा धरून उभी राहिली. लिपिकबाईंनी दोनदा म्हणून पाहिलं, मग त्याही शेजारी उभ्या राहिल्या. तिसऱ्या स्टेशनानंतर गुडघ्यांनी आपलं म्हणणं मांडलं आणि आई खिडकीशी बसली, अगदी कडेला, बाकीची जागा दुसऱ्या कोणाला तरी लागेल अशी.

"लाँड्री कुठे होती, ती जागा गाडीतून दिसते का गं?"

"दिसते. धुराडं अजून आहे."

"आलं की सांग."

धुराडं आलं. लिपिकबाईंनी सांगितलं. आईने काचेकडे तोंड केलं. तिला पांढुरक्या धुक्यापलीकडे काही दिसत नव्हतं, तरी धुराडं मागे पडेपर्यंत ती तिकडेच बघत राहिली.

"येताना दाखव," ती म्हणाली. "आणि खळवाली कुठे राहते, ते तुमच्या वहीत असेल ना?"

"असेल. पण पत्ते द्यायचा नियम नाही, आई."

"मी कुठे पत्ता मागतेय? तू फक्त विचार तिला, मी आले तर चालेल का," आई म्हणाली. "आणि उत्तर आलं, तर मधलं वाच."